रिकाम्या कॉम्प्युटरांचा लिलाव

देविदास राठोड हैदराबादची नोकरी सोडून वारंगा फाट्याला परत आला तेव्हा पुष्कळांना वाटलं, कंपनीने काढून टाकलं असणार. त्याने कुणाला समजावत बसण्याचा त्रास घेतला नाही. वडील हरिचंद यांना लकवा मारला होता, उजवी बाजू गेली होती. आई मिराबाई एकटीच त्यांना बाजेवरून उठवायची, बसवायची, न्हाऊ घालायची. दोघी बहिणी लग्न होऊन लांब गेलेल्या. सुट्टी काढून आलेल्या देविदासने आईच्या मनगटाला गुंडाळलेलं फडकं पाहिलं आणि परतीची बस त्याने धरलीच नाही. हे दोन हजार पाचचं साल.

त्यांचा बंजारा तांडा फाट्यापासून चालत जाण्याइतका जवळ. फाट्यावर ट्रकवाल्यांचे ढाबे, पंक्चरची दुकानं आणि रात्रंदिवस वाहणारा हमरस्ता. तिथेच त्याने एक गाळा भाड्याने घेतला आणि चार कॉम्प्युटर मांडून वर्ग सुरू केला. सरकारी नोकरीला कॉम्प्युटरचा कोर्स सक्तीचा झाल्यापासून हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव, जिथे बसस्टँड तिथे असा एखादा वर्ग निघालाच होता. सकाळी पोरं यायची, संध्याकाळी यायची. दुपारभर मात्र कॉम्प्युटर कापड पांघरून पडून असायचे, आणि परीक्षा संपल्या की महिना महिना.

हैदराबादला देविदासबरोबर काम केलेला नरसिम्हा नावाचा मित्र होता. त्याने नोकरी सोडून कार्टूनपट बनवणारी छोटी कंपनी काढली होती. फोनवर तो नेहमी एकच गाऱ्हाणं सांगायचा. चित्रकार आहेत, गोष्टी आहेत, चॅनलवाले घ्यायला तयार आहेत, पण कॉम्प्युटर कमी पडतात. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, याचं सगळं गणित करून कार्टूनमधलं प्रत्येक चित्र शेवटी कॉम्प्युटरलाच रंगवावं लागतं. एका चित्राला कधी दहा मिनिटं लागतात, कधी तास. आणि पडद्यावरच्या एका सेकंदाला अशी चोवीस चित्रं.

एका दुपारी असाच फोन चालू असताना देविदासची नजर समोरच्या चार झाकलेल्या कॉम्प्युटरांवर गेली. इकडे यंत्रं कामावाचून पडलेली आणि तिकडे काम यंत्रावाचून अडलेलं. या दोघांना जोडणारं इंटरनेटवरचं एक पान बनवायचं, एवढीच ती कल्पना होती.

भाव कसा ठरवायचा, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहिला. कुणाकडे इन्व्हर्टर, कुणाकडे काहीच नाही. कुणाची जागा स्वतःची, कुणाची भाड्याची. कॉम्प्युटर तासभर राबवायला कुणाला काय पडतं, हे त्या त्या माणसालाच ठाऊक. मग भाव आपण काहून ठरवायचा, असं त्याच्या मनाने घेतलं. लिलाव करावा. काम मांडायचं, आणि ते करायला किती घेणार हे ज्याचं त्याने बोलायचं. सगळ्यात कमी बोलणाऱ्याला काम द्यायचं.

पान बांधायला त्याला पाचेक महिने लागले. दिवसातले निम्म्याहून जास्त तास लोडशेडिंग. वीज नसली की तो वडिलांच्या बाजेपाशी बसून कागदावर प्रोग्रॅम लिहायचा, आली की फाट्यावर पळत जाऊन तो टाइप करायचा. एका कामाचे तुकडे कसे पाडायचे, ते वेगवेगळ्या गावच्या कॉम्प्युटरांना कसे वाटायचे, रंगवलेली चित्रं परत गोळा कशी करायची, प्रत्येक गोष्ट एकदा फसायची आणि मग जमायची. हरिचंदांना बोलताना शब्द सापडायचे नाहीत, पण ऐकू सगळं यायचं. देविदास त्यांना सांगायचा की आता हे असं असं अडलंय. ते डावा हात किंचित हलवायचे. त्याचा अर्थ "बघ, जमंल" असा आहे, असं देविदासने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

पान तयार झालं तरी वर्गवाल्यांनी त्यावर का यावं? तिथे माणिकराव कामी आले. वसमतला त्यांचा जिल्ह्यातला सगळ्यात मोठा वर्ग. वय पन्नाशीचं, कपडे कायम इस्त्रीचे, सगळ्या तालुक्यात ओळख. देविदासची कल्पना त्यांनी दोनदा सांगायला लावली आणि म्हणाले, हे तर टेंडर झालं, कमी बोलंल त्याला काम. मग स्वतःच्या मोटारसायकलवर देविदासला मागे बसवून ते गावोगाव हिंडले. देविदास बोलायला लागला की वर्गवाल्यांच्या चेहऱ्यावर शंका यायची. माणिकराव "अरे, टेंडर" म्हणायचे आणि लोक मान डोलवायचे. तांड्यातल्या एका पोराच्या शब्दावर आपले कॉम्प्युटर कुणी जोडून दिले नसते, हे देविदास जाणून होता. माणिकरावांच्या शब्दावर त्यांनी ते दिले.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याआधी लिलाव सुरू झाले. नरसिम्हा काम पाठवायचा, संध्याकाळी ते पानावर चढायचं आणि ठरलेल्या वेळेपर्यंत बोली चालायची. कोण किती बोललं हे सगळ्यांना दिसायचं. सेनगावचा खाली आला की कळमनुरीचा आणखी खाली यायचा. वर्गवाले एकमेकांना फोन करून हसायचे. आकडा उतरताना बघणं हा एक खेळच झाला. नरसिम्हाचं काम स्वस्तात होत होतं, पडून असलेल्या कॉम्प्युटरांना चार पैसे सुटत होते, आणि नांदेडच्या एका प्राध्यापकांनीही भूजलाचं काही गणित पाठवून पाहिलं. देविदासला पहिल्यांदाच वाटलं की परत आलो ते बरं केलं.

बोली लावणाऱ्यांत हट्ट्याचे एक एस. आर. पोले होते. आकडा नेहमी इतरांच्या वर. काम क्वचितच मिळायचं, पण मिळालं तर वेळेआधी पुरं. एकदा काही विचारायचं म्हणून देविदासने तिथे फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. त्याने पोले सर आहेत का म्हणून विचारलं.

"मीच पोले," ती म्हणाली. "शिवकन्या. बोला."

देविदास ओशाळला. तिला त्याचं काही वाटलं असावं असं तिच्या बोलण्यावरून दिसलं नाही. काय हवं ते तिने सांगितलं आणि फोन ठेवला. त्यानंतर काही दिवसांनी हट्ट्याची बोली येणं बंद झालं. देविदासच्या ते लक्षात आलं, पण पाचच कॉम्प्युटरांचा वर्ग तो. एक गेला तर गेला, असं म्हणून त्याने तो विषय सोडून दिला.

मग नरसिम्हाला एक मोठं काम मिळालं, पूर्ण लांबीचा कार्टूनपट. चॅनलने प्रसारणाची तारीखही जाहीर करून टाकली होती. त्यातल्या काही प्रसंगांची हजारो चित्रं इकडे रंगवायची होती. नरसिम्हाने फोनवर विचारलं, होईल ना? होईल, असं देविदास म्हणाला.

त्या लिलावात माणिकराव इतके खाली गेले की बाकीच्यांनी हात टेकले. जवळजवळ सगळं काम वसमतला गेलं. देविदासने त्यांना फोन करून विजेचं काय म्हणून विचारलं. माणिकराव म्हणाले, जनरेटर हाये, तू झोप बिनघोर.

पहिला आठवडा चित्रं येत राहिली. मग कमी कमी होत गेली, मग थांबलीच. देविदासच्या पडद्यावर रंगवलेल्या चित्रांपुढे हिरवी खूण उमटायची. खाली खाली नुसते रिकामे चौकोन राहिले. त्याने फोन केला. माणिकराव म्हणाले, "होऊन राहिलं. लाईनची जरा तकलीफ हाये. बराबर होईल." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. नरसिम्हाचे फोन आधी सकाळ-संध्याकाळ यायचे, मग तासातासाला यायला लागले.

देविदासने जीप पकडली आणि वसमत गाठलं. भर दुपार होती. वर्गाचं शटर अर्धं खाली. आत अंधार, ओळीने काळे पडदे आणि कोपऱ्यात हातपंख्याने वारा घेत बसलेले माणिकराव. मागच्या अंगणात जनरेटर ठेवायची जागा होती. तिथे तेलाचा डाग तेवढा राहिला होता.

त्यांनी काही लपवलं नाही. जनरेटर ओळखीच्या मंगल कार्यालयाचा होता. लगीनसराई लागली आणि त्यांनी तो नेला. वीज येईल, रात्रीतून काम उरकू, असं माणिकराव रोज धरून चालले, आणि रोज लोडशेडिंग वाढत गेलं.

"मग फोनवर होऊन राहिलं काहून म्हणलात?"

माणिकरावांनी पंखा खाली ठेवला.

"देविदास, मी खरा आकडा टाकला असता तर काम मला दिलं असतंस का?" ते म्हणाले. "तुझ्या पानावर एकच खाना हाये. भाव. लाईट जाते, जनरेटर दुसऱ्याचं हाये, हे मी कुठं लिहू? सगळे खाली येत व्हते. मी वर राहिलो असतो तर मोठा वर्ग असून माझंच नाव खाली दिसलं असतं."

देविदासला राग आला होता, पण तो कुठे ठेवावा हे त्याला समजेना. हा माणूस खोटं बोलला होता. आणि ज्या खेळात तो खोटं बोलला, तो खेळ देविदासनेच मांडला होता. भांडण न करता तो बाहेर आला आणि हट्ट्याला जाणाऱ्या गाडीत बसला.

शिवकन्येचा वर्ग घराच्याच पुढच्या खोलीत होता. पत्र्याचं छप्पर, त्यावर उसाचं पाचट टाकलेलं. भिंतीकडेला ट्रकच्या बॅटऱ्या जोडून ठेवलेल्या. ती पंचविशीतली, परभणीला बीसीएस झालेली. त्याला पाहून तिला नवल वाटलं, पण तिने आधी पाणी दिलं. देविदासने घडलं ते सगळं सांगितलं आणि उरलेलं काम ती घेईल का असं विचारलं. भाव तिचा.

ती लगेच हो म्हणाली नाही.

"मी बॅटऱ्यांचा, लाइटचा, माझा सगळा खर्च मांडून आकडा टाकायची," ती म्हणाली. "रोज हरायची. लोक एवढं कमी कसं काय बोलतात ते समजायचं न्हाई. मला वाटायचं माझंच गणित चुकून राहिलं. आता समजलं."

मग तिने किती चित्रं राहिली ते विचारलं आणि कागदावर हिशेब करून सांगितलं की पाच कॉम्प्युटरांवर निम्मीसुद्धा व्हायची नाहीत. होतील तेवढी ती करणार, जास्तीचं कबूल करणार नाही. देविदासने फाट्यावरचे आपले चार त्यात धरले. कळमनुरीच्या एका वर्गवाल्याला फोन लावला.

संध्याकाळी तिचे वडील रामकिशन मेंढ्या घेऊन आले. आई पंचफुलाबाईने देविदासला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. जेवताना रामकिशन यांनी विचारलं, हे काम नेमकं काय आहे. देविदासने सांगितलं, मामा, रिकामी यंत्रं भाड्याने देणं. रामकिशन यांना ते चटकन उमजलं. उन्हाळ्यात तेही लोकांच्या रानात मेंढ्या बसवायचे. लेंडीखत रानाला मिळतं, त्याबद्दल शेतकरी धान्य देतो, पैसे देतो. पण लिलाव म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. ठरलेली चार घरं आहेत, वर्षानुवर्षं त्यांच्याच रानात आमी बसतो, म्हणाले. दुसरा कुणी चार जास्त देतो म्हणाला तरी जात न्हाई. अडीनडीला तीच घरं उभी राहतात.

"तुमच्यासाठी बराबर हाये, बाबा," शिवकन्या म्हणाली. "तुम्हाला ती घरं वळखतात. मला कोण वळखतं? बाई शिकवते म्हणून निम्मे लोक पोरं पाठवत न्हाईत. वसमतच्या वर्गात पाठवतात. या पानावर मला कुणी इचारलं न्हाई, कुणाची पोरगी, कोणत्या जातीची, लगीन झालं का. नुसतं काम बघितलं. म्हणून मी त्यात आले व्हते."

पंचफुलाबाईने देविदासच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. परतीच्या जीपमध्ये देविदास तोच विचार करत होता. त्याने लिलाव मांडला होता तो भाव कळावा म्हणून. ती त्यात आली होती ती निराळ्याच कारणासाठी, आणि ते कारण त्याला कधी सुचलंही नव्हतं. तो तर तांड्यातला. त्याला ते आधी सुचायला हवं होतं.

उरलेल्या कामातलं तिने कबूल केलेलं सगळं आलं. बाकीचं बरंचसं राहिलं. नरसिम्हाने हैदराबादला जास्तीचे पैसे मोजून कुठून कुठून यंत्रं मिळवली, तरी तारीख हुकली आणि चॅनलने पुढचे दोन चित्रपट दुसऱ्याला दिले. नरसिम्हा चिडला नाही. तो फक्त म्हणाला, "तू होईल म्हणालास." आणि काम पाठवणं थांबलं.

त्या पावसाळ्यात हरिचंद गेले. दुखवट्याला तांडा जमला, बहिणी आल्या. पाहुणे परतल्यावर मिराबाईने मुलाला हैदराबादला जा म्हणून सांगितलं. आता इथं कुणासाठी थांबतोस, म्हणाली. देविदासने विचार केला. जाता आलं असतं, जुन्या कंपनीत जागा होती. पण चुकीचा लिलाव मागे टाकून जाणं त्याला जमेना. वडिलांपाशी बसून लिहिलेलं होतं ते. आईला त्याने एवढंच सांगितलं की एक काम अर्धवट आहे.

मोडलेलं नेमकं काय होतं, याचा तो महिनोन् महिने विचार करत राहिला. माणिकराव लबाड होते असं म्हणून सुटता येत नव्हतं. त्यांच्याशिवाय आणखीही कितीजण खर्चाच्या खाली बोलत होते. दुसऱ्याचा आकडा समोर दिसला की माणूस आपला खर्च विसरून त्या आकड्याशी झुंजतो. आणि ज्याने खर्च धरून आकडा टाकला तो पहिल्याच दिवशी घरी बसतो. मग असा लिलाव असतो का, ज्यात खरं बोलणं परवडेल?

कॉलेजात कधीतरी वाचलेली एक रीत त्याला आठवली. नांदेडच्या प्राध्यापकांकडून पुस्तक आणून त्याने ती नीट समजून घेतली आणि एका रविवारी चार-पाच वर्गवाल्यांना फाट्यावर बोलावलं. हट्ट्याहून शिवकन्या आली. माणिकरावांनाही त्याने निरोप धाडला होता. ते येतील असं कुणालाच वाटत नव्हतं. ते आले आणि दारापाशी बसले.

देविदासने सांगितलं की आता बोली झाकलेली राहील. कुणाला कुणाचा आकडा दिसणार नाही. सगळ्यात कमी आकडा ज्याचा असेल त्याला काम. पण पैसे त्याच्या आकड्याइतके नाही मिळणार. त्याच्या वर जो दुसरा आकडा असेल, तेवढे मिळतील.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कळमनुरीवाल्याने विचारलं, म्हणजे मी कमी बोललो तरी मला जास्त?

व्हय, देविदास म्हणाला. मग खर्चाच्या वर आकडा टाकून काय मिळणार? पैसे तुमच्या आकड्यावर नाहीतच, उलट काम हातचं जाईल. आणि खर्चाच्या खाली टाकलात, अन् दुसराही तसाच खाली असला, तर तोट्यातलं काम गळ्यात पडेल. जेवढं पडतं तेवढंच लिहा, त्यातच तुमचा फायदा.

शिवकन्येने हे कागदावर निरनिराळे आकडे धरून तपासलं. बराबर हाये, म्हणाली, पण एवढ्याने भागत नाही. वीज नसताना काम घेणाऱ्याचं काय? म्हणून आणखी एक खाना ठरला. घेतलेल्या कामातलं आजवर किती पुरं केलं, ते प्रत्येकाच्या बोलीबरोबर मोजलं जाईल. अर्धवट सोडणाऱ्याची बोली मोजताना वर चढवली जाईल, म्हणजे त्याला काम मिळणं अवघड होईल. आणि पानावर नाव नसेल, नुसता नंबर असेल.

या शेवटच्या गोष्टीवर माणिकराव पहिल्यांदा बोलले. "नाव काहून काढता? लोक मला नावानंच वळखतात."

"माझ्यासाठी काढा म्हणते मी," शिवकन्या म्हणाली.

माणिकरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग देविदासकडे वळून विचारलं, आणि दोघं-तिघं आपसात ठरवून बोलले तर? मग काय करशील तुझ्या झाकलेल्या बोलीचं? त्यावर आपल्याकडे उपाय नाही, असं देविदासने कबूल केलं. ही रीत माणसाला खरं बोलायला लावू शकत नाही, खरं बोलणाऱ्याचं नुकसान तेवढं टाळते. माणिकराव उठले, चप्पल घातली आणि गेले. पुढचे काही महिने वसमतहून एकही बोली आली नाही.

नरसिम्हाला पुन्हा तयार करणं सगळ्यात अवघड गेलं. देविदास स्वतः हैदराबादला गेला. आधीचं सगळं, त्यात स्वतःची चूक कुठे होती तेही, सांगितलं. नरसिम्हाने एक लहानसं काम दिलं, तेही त्याची चित्रं स्वतःकडे पुन्हा रंगवून ताडून पाहणार या अटीवर. ते काम ज्या नंबराला गेलं तो हट्ट्याचा होता. सगळी चित्रं जुळली. पुढच्या खेपेला त्याने ताडून पाहणं सोडून दिलं.

नंतरची दोन वर्षं पान नीट चाललं. गाजावाजा नव्हता. आकडे पूर्वीसारखे कोसळत नव्हते आणि ते उतरताना बघायची मजाही राहिली नव्हती. काही वर्गवाले त्यात रस उरला नाही म्हणून गळले. जे राहिले त्यांनी बॅटऱ्या घेतल्या, कारण बॅटरीचा खर्च आता आकड्यात धरता येत होता. एका दुपारी वसमतचा नंबर पानावर दिसला. छोटं काम, मध्यम आकडा. काम त्यांना मिळालं आणि दिलेल्या मुदतीत पुरं झालं. देविदासने फोन केला नाही. आठवडाभराने माणिकरावांचाच आला. नवा इन्व्हर्टर घेतला, एवढं सांगून ते दुसऱ्याच गोष्टींवर बोलत राहिले, आणि देविदासनेही त्यांना बोलू दिलं.

मग अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या इंटरनेटवरून तासाच्या भाड्याने कॉम्प्युटर द्यायला लागल्या. नरसिम्हानेच ते पहिल्यांदा दाखवलं. वीज जात नाही, हवी तितकी यंत्रं, आणि भाव असा की हिंगोलीच्या कुठल्याही वर्गाचं नुसतं विजेचं बिलही त्यात भागू नये. देविदासने ते पान बराच वेळ वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांना खरोखरच तेवढंच पडत होतं. खरा आकडा टाकूनच आपण हरणार, हे त्याला त्याच वेळी दिसलं, आणि त्याचं दुःख झालं तरी कुणावर राग धरण्यासारखं त्यात काही सापडलं नाही.

त्याने लगेच बंद केलं नाही. हातातली कामं पुरी होऊ दिली. मग प्रत्येक वर्गवाल्याकडे स्वतः जाऊन सांगितलं. हट्ट्याला पोचला तेव्हा शिवकन्येने त्याला बोलूच दिलं नाही. तिने ते आधीच वाचलं होतं, आणि नरसिम्हाच्या कंपनीचा पत्ता शोधून एस. आर. पोले या नावाने नोकरीसाठी लिहिलंही होतं. त्याच्या कंपनीला आता अशी भाड्याची यंत्रं सांभाळणारं माणूस हवं होतं.

"त्यांचं उत्तर आलं, पोले सर, कधीपासून येता?" ती म्हणाली आणि हसली. "मग सांगितलं त्यांना."

"मग?"

"मग म्हणाले, पोले मॅडम, कधीपासून येता."

रामकिशन यांना ते मान्य करायला वेळ लागला. शेवटी पंचफुलाबाईने पहिले दोन महिने लेकीबरोबर राहायचं ठरलं. रामकिशन मेंढ्यांमागे, मग इतके दिवस घर कोण बघणार यावरून थोडी कुरबुर झाली. शिवकन्येचा चुलत भाऊ प्रभू याने घर सांभाळायचं कबूल केलं. नांदेडच्या बसस्टँडवर पोचवायला देविदास आला होता. पंचफुलाबाई आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या लांब निघाली होती आणि भाकरीचं गाठोडं मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती.

शिवकन्येने विचारलं, तुमी आता काय करणार? अजून ठरलं न्हाई, देविदास म्हणाला. नांदेडच्या प्राध्यापकांनी कॉलेजात शिकवायला ये म्हटलंय. शिकवायला बरं जमेल तुमाला, ती म्हणाली, तुमी चुकलं ते सांगता. गाडी लागली. खिडकीतून पंचफुलाबाईने त्याला सांभाळून राहा म्हणून सांगितलं, जणू प्रवासाला तोच निघाला होता.

दोनेक महिन्यांनी तिचा फोन आला. यंत्रं भाड्याने देणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा माणूस त्यांच्याकडे आला होता. त्याने भाव सांगितला, सोयी सांगितल्या. तिने विचारलं, काम अर्धवट राहिलं तर आम्हाला कधी कळवणार, आणि नुकसान कुणी सोसायचं? तो म्हणाला, असं होत नाही. ती म्हणाली, होत नसेल तर कागदावर लिहून द्यायला हरकत नाही.

"दिलं का लिहून?" देविदासने विचारलं.

"इचारून सांगतो म्हणाला. मी थांबले हाये."

देविदास तेव्हा गाळ्यात कॉम्प्युटरच्या वायरी सोडवत होता. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात रुजू व्हायचं होतं. पलीकडून कुणीतरी तिला मॅडम म्हणून हाक मारली, आणि ठेवते हं, असं म्हणून तिने फोन ठेवला.